वेस नसलेलं गाव

जून २०२३. कोल्हापुरात मोबाइलवरच्या स्टेटसवरून वातावरण पेटलं, बंद पुकारला गेला, दगडफेक झाली आणि प्रशासनानं इंटरनेट बंद केलं. तुमच्यापैकी ज्यांचं घर तिकडे आहे त्यांना आठवत असेल. संदेश पाठवला की त्याच्यापुढे एकच खूण यायची, दुसरी काही केल्या येत नव्हती. ज्यांनी साधा फोन लावला त्यांना कळलं की घरचे सुखरूप आहेत, फक्त नेट घालवलंय. अशा वेळी इथल्या मराठी घरांत एक प्रश्न हमखास निघतो: अमेरिकेत सरकार असं करू शकेल का? आणि उत्तरही हमखास येतं, "छे, इथे कसं शक्य आहे!"

हे उत्तर अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं समजायला थोडं मागे जावं लागतं. इंटरनेट नावाची एक अखंड तार कुठेच नाही. कॉमकास्टचं स्वतःचं जाळं आहे, व्हेरायझनचं आहे, जिओचं आहे, तुमच्या मुलीच्या विद्यापीठाचंही आहे. अशी सत्तर हजारांहून जास्त जाळी जगभरात आहेत आणि ती कुठे ना कुठे एकमेकांना भेटतात, म्हणून तुम्हाला न्यू जर्सीतून सांगलीतलं बाळाचं बारसं बघता येतं. सरकारचा हात कुठवर पोचतो, याचं उत्तर या भेटण्याच्या जागांमध्ये आहे.

अमेरिकेत ही जागा सुरुवातीला सरकारच्याच घरात होती. १९८६ मध्ये नॅशनल सायन्स फाउंडेशननं देशातली सुपरकॉम्प्युटर केंद्रं सेकंदाला ५६ किलोबिट वेगाच्या तारांनी जोडली. तुमच्या फोनमधला तीन मेगाबाइटचा एक फोटो त्या तारेवरून जायला सात मिनिटं लागली असती, तेही दुसरं कोणी काही पाठवत नसेल तर. १९८८ मध्ये मिशिगनमधल्या मेरिट या विद्यापीठांच्या संस्थेनं आयबीएम आणि एमसीआय यांना सोबत घेऊन हा कणा दीड मेगाबिटवर नेला आणि १९९१ च्या सुमारास तो ४५ मेगाबिटवर गेला. त्या काळात शिकायला आलेल्या आपल्या लोकांनी पहिली ई-मेल पाठवली ती बहुधा याच तारांवरून. पैसे सरकारचे असल्यानं नियमही सरकारचाच होता. वाहतूक संशोधनाची आणि शिक्षणाची हवी, धंद्याची नको.

पण धंदा दाराशी येऊन उभा होता. पीएसआयनेट, यूयूनेट अशा कंपन्या पैसे घेऊन लोकांना जोडणी देऊ लागल्या होत्या. त्यांच्या एका ग्राहकाला दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाशी बोलायचं तर मधला रस्ता सरकारी, आणि त्या रस्त्यावर धंद्याच्या मालाला बंदी. १९९१ मध्ये या दोघी आणि सॅन डिएगोची सर्फनेट अशा तिघींनी मिळून स्वतःचा नाका उभारला, कमर्शियल इंटरनेट एक्स्चेंज. तिघींनी ठरवलं की इथे एकमेकींचा माल मोजायचा नाही आणि एकमेकींकडून त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. वाद झालेच. सरकारी कणा चालवणाऱ्या मंडळींनी एएनएस नावाची संस्था काढली, तिच्या पोटातून नफ्यासाठी चालणारी कंपनी निघाली, आणि सरकारी रस्त्यावर मागच्या दारानं दुकान थाटल्याची ओरड सुरू झाली. १९९२ मध्ये काँग्रेसमध्ये सुनावणी झाली आणि त्याच वर्षी व्हर्जिनियाचे प्रतिनिधी रिक बाउचर यांच्या पुढाकारानं कायद्यात छोटीशी दुरुस्ती होऊन धंद्याच्या वाहतुकीला वाट मिळाली. पुढे सरकारनं कणाच मोडीत काढायचं ठरवलं आणि जाळ्यांना भेटण्यासाठी चार नाके नेमले. शिकागोचा एका टेलिफोन कंपनीकडे, सॅन फ्रान्सिस्कोचा दुसरीकडे, न्यूयॉर्कचा स्प्रिंटकडे आणि वॉशिंग्टनचा एमएफएसकडे. यातला न्यूयॉर्कचा नाका न्यूयॉर्कात नव्हताच. तो न्यू जर्सीत पेनसॉकेनला होता, फिलाडेल्फियाच्या पलीकडच्या तीरावर. कागदावर न्यूयॉर्क म्हटलं की भागतं, हे फक्त आपल्याकडेच चालतं असं नाही.

वॉशिंग्टनचा नाका त्याहून मजेशीर. टायसन्स कॉर्नरच्या मॉलमध्ये तुमच्यापैकी कितीतरी जणांनी खरेदी केली असेल. तिथून जवळच, बून बुलेवार्डवरच्या एका ऑफिस इमारतीच्या गाड्या उभ्या करण्याच्या तळात भिंती घालून एक खोली केलेली होती. तिचं नाव मे-ईस्ट. नव्वदच्या दशकात जगातल्या इंटरनेटचा फार मोठा हिस्सा या खोलीतून जात असे. बाहेर पहारा नाही, पाटी नाही, आजूबाजूला लोकांच्या गाड्या. ३० एप्रिल १९९५ ला सरकारी कणा बंद झाला आणि अमेरिकेचं इंटरनेट अशा खोल्यांच्या भरवशावर चालू लागलं.

या खोल्यांत जे चालतं त्याला इंग्रजीत पीअरिंग म्हणतात. मला तो शब्द ऐकला की आपला पैरा आठवतो. एका शेतकऱ्याकडे एकच बैल, शेजाऱ्याकडे एक. दोघं मिळून जोडी करतात, आधी याचं रान नांगरतात, मग त्याचं. पैसे कोणी कोणाला देत नाही. मात्र पैरा बरोबरीच्या लोकांत होतो. ज्याच्याकडे बैलच नाही तो भाड्यानं औत आणतो. इंटरनेटमध्येही तसंच. दोन मोठी जाळी एकमेकांच्या ग्राहकांची वाहतूक फुकट घेतात. छोटं जाळं मोठ्याला पैसे देऊन पलीकडच्या जगाची वाट विकत घेतं, त्याला ट्रान्झिट म्हणतात. कोणते पत्ते माझ्याकडून जाता येतील हे प्रत्येक जाळं शेजाऱ्याला सांगतं आणि शेजारी त्यावर विश्वास ठेवतो. ही सांगण्याची पद्धत, बीजीपी, जानेवारी १९८९ मध्ये ऑस्टिनमधल्या एका बैठकीच्या वेळी जेवणाच्या टेबलावरच्या कागदी रुमालांवर आखली गेली.

करारमदार? पॅकेट क्लिअरिंग हाउस या संस्थेनं २०११ मध्ये अशा १,४२,२१० जोडण्यांचा हिशेब केला तेव्हा लेखी करार निघाले फक्त ६९८. बाकी सगळं शब्दावर. २०१६ मध्ये जोडण्यांची संख्या एकोणीस लाखांच्या पुढे गेली आणि लेखी कराराचं प्रमाण आणखीच घटलं. वकिलांच्या या देशात असं काही चालतं यावर माझा बराच वेळ विश्वास बसला नव्हता.

शब्द मोडतो तेव्हा काय होतं हेही दिसलं आहे. ऑक्टोबर २००८ च्या अखेरीला कोजंट आणि स्प्रिंट यांचं बिनसलं आणि स्प्रिंटनं जोडणी तोडली. जे लोक फक्त एकीचे ग्राहक होते त्यांना दुसरीकडचे लोक सुमारे तीन दिवस दिसेनासे झाले. भांडण दोन कंपन्यांचं, सरकारचा त्यात काही संबंध नाही. पुढे २०१४ मध्ये नेटफ्लिक्सनं थेट जोडणीसाठी कॉमकास्टला पैसे मोजले. मग २०१५ मध्ये एफसीसीनं नेट न्यूट्रॅलिटीचा नियम केला तेव्हा अशा जोडण्यांच्या तक्रारींत लक्ष घालायचा अधिकारही स्वतःकडे घेतला. २०१७ मध्ये नियम गेला, २०२४ मध्ये परत आला आणि २ जानेवारी २०२५ ला एका अपील न्यायालयानं तो रद्द ठरवला. आज तरी पैऱ्यात सरपंच पडत नाही.

आता १९९५ मध्येच, पण मुंबईला या. टायसन्सच्या तळातून इंटरनेट खाजगी हातात गेल्यावर साडेतीन महिन्यांनी, १५ ऑगस्टला, विदेश संचार निगमनं भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. सेवेचं नावच होतं गेटवे इंटरनेट ॲक्सेस सर्व्हिस. गावाला एकच वेस आणि किल्ली सरकारकडे. १९९८ च्या नोव्हेंबरात खाजगी कंपन्यांना परवाने मिळाले, पण परवान्याच्या अटी वाचल्या की वेशीवरचा पाटील डोळ्यांपुढे येतो. ग्राहकानं चाळीस बिटांहून मोठ्या किल्लीची कुलुपं वापरायची नाहीत, वापरायची असतील तर परवानगी घेऊन किल्ली सरकारजमा करायची. इंटरनेटवरून फोन करायला एप्रिल २००२ पर्यंत बंदी. मिनिटाचे दर बघत घाईघाईनं उरकलेले त्या काळातले फोन तुम्ही विसरला नसाल. गंमत अशी की गावातल्या गावात भेटायला जागाच नव्हती. २००३ मध्ये निक्सी हा देशी नाका निघेपर्यंत मुंबईतल्या एका कंपनीच्या ग्राहकानं त्याच मुंबईतल्या दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला पाठवलेली ई-मेल अनेकदा अमेरिकेला वळसा घालून यायची.

तेव्हा "इथे कसं शक्य आहे" या उत्तरातला बरोबर भाग हा. अमेरिकेच्या गावाला वेस नाही. इतक्या कंपन्या, इतक्या खोल्या, आणि बहुतेक व्यवहार तोंडी. एक माणूस एक बटण दाबून हे सगळं बंद करू शकत नाही. इजिप्तमध्ये २०११ च्या २७ जानेवारीच्या रात्री ते जमलं कारण तिथे मोजक्याच कंपन्या होत्या. काही मिनिटांच्या अंतरानं एकेकीनं आपले मार्ग मागे घेतले, सुमारे साडेतीन हजार, आणि देश नकाशावरून पाच दिवस नाहीसा झाला. नूर नावाची एक छोटी कंपनी आणखी काही दिवस चालू राहिली. तिच्या ग्राहकांत शेअर बाजार होता.

पण वेस नाही म्हणून चौकीदार नाही असं नाही. सरकारी कणा बंद व्हायच्या सहा महिने आधी, ऑक्टोबर १९९४ मध्ये, क्लिंटन यांनी कॅलिया नावाच्या कायद्यावर सही केली. टेलिफोन कंपन्यांनी आपली यंत्रं अशी बनवायची की न्यायालयाचा हुकूम आला की पोलिसांना ऐकता आलं पाहिजे. तारा सोडण्याआधी सरकारनं दारं मागून घेतली होती, असं मी या दोन तारखा शेजारी ठेवून म्हणते. इंटरनेटला तेव्हा या कायद्यातून वगळलं होतं. ती सूट दहा-अकरा वर्षं टिकली. २००५ मध्ये एफसीसीनं ब्रॉडबँडलाही कायदा लावला, विद्यापीठांच्या संघटना कोर्टात गेल्या, २००६ मध्ये हरल्या.

संकेतस्थळं बंद करायचा प्रयोगही इथे होऊन गेला आहे. पेनसिल्व्हेनियानं २००२ मध्ये कायदा केला की बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रं असलेली ठिकाणं कंपन्यांनी अडवावीत. हेतूबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं. पण एकाच पत्त्यावर शेकडो संकेतस्थळं राहतात, चाळीत एक दार बंद करायचं तर कंपन्या जिन्यालाच कुलूप लावत. चारशेहूनही कमी ठिकाणं अडवताना अकरा लाखांहून जास्त निरपराध संकेतस्थळं अडली. सप्टेंबर २००४ मध्ये संघराज्याच्या न्यायालयानं कायदा घटनाबाह्य ठरवला. बरोबर एक वर्ष आधी भारत सरकारनं मेघालयातल्या एका फुटीर संघटनेचा एक याहू ग्रुप अडवायचा हुकूम काढला होता आणि कंपन्यांनी सगळेच याहू ग्रुप बंद करून टाकले. तंत्रातली अडचण तीच. फरक इतकाच की इथे सरकारला न्यायालयात उभं राहून उत्तर द्यावं लागलं.

म्हणजे इथली गोष्ट न्यायालयात नीट होते, असं तुम्ही म्हणाल. सॅन फ्रान्सिस्कोमधल्या फॉल्सम स्ट्रीटवर ६११ क्रमांकाची एटी अँड टीची इमारत आहे. तिथे मार्क क्लाइन नावाचे तंत्रज्ञ काम करत. २००३ मध्ये त्यांच्या लक्षात आलं की सहाव्या मजल्यावर ६४१ ए नावाची एक खोली तयार होते आहे आणि तिच्यात साध्या कर्मचाऱ्यांना प्रवेश नाही, ज्याला आहे त्याला राष्ट्रीय सुरक्षा संस्थेनं म्हणजे एनएसएनं तपासून घेतलंय. क्लाइन यांचं काम फायबरच्या जोडण्या सांभाळायचं. काचेच्या तंतूतला प्रकाश दोन वाटांत फोडणारा एक साधा तुकडा बसवला होता, अर्धा प्रकाश नेहमीच्या वाटेनं, अर्धा त्या खोलीत. कोणत्या तारांवर? त्यांनी जपून ठेवलेल्या कागदांत यादी होती. स्प्रिंट, लेव्हल थ्री, यूयूनेट, क्वेस्ट, आणि मे-वेस्ट, म्हणजे टायसन्सच्या खोलीची पश्चिमेकडची बहीण. नेमक्या पैऱ्याच्या तारा. जिथे एटी अँड टीचं जाळं इतरांना भेटत होतं, तिथेच आरसा लावला होता. त्यामुळे तुम्ही एटी अँड टीचे ग्राहक असा वा नसा, त्यानं फारसा फरक पडत नव्हता.

क्लाइन २००४ मध्ये निवृत्त झाले आणि २००६ च्या जानेवारीत कागद घेऊन इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनकडे गेले. खटला उभा राहिला. त्याच वर्षी मे महिन्यात बातमी आली की क्वेस्टनं ग्राहकांच्या फोन नोंदी एनएसएला द्यायला नकार दिला होता, कारण न्यायालयाचा हुकूम दाखवा म्हटल्यावर तो दाखवला गेला नाही. नाही म्हणता येतं, हे यातून कळलं. नाही कोणी म्हटलं याची यादी मात्र लहान आहे. जुलै २००८ मध्ये काँग्रेसनं कायदा करून ज्या कंपन्यांनी मदत केली त्यांना मागच्या तारखेपासून अभय दिलं आणि एटी अँड टीवरचा खटला पुढच्या वर्षी निकालात निघाला. सरकारवर केलेला दुसरा खटला चौदा वर्षं रेंगाळला आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो ऐकायला नकार दिला. त्या खोलीत जे चाललं ते कायदेशीर होतं की नाही, हा प्रश्न या खटल्यांत कुठल्याही न्यायालयानं शेवटपर्यंत सोडवला नाही. क्लाइन २०२५ मध्ये गेले.

मग बंद करण्याचं काय, कोल्हापूरसारखं? १९३४ च्या कम्युनिकेशन्स ॲक्टचं ७०६ वं कलम युद्धाच्या काळात राष्ट्राध्यक्षांना तारांवरची दळणवळण साधनं बंद करण्याचा किंवा ताब्यात घेण्याचा अधिकार देतं. १९४२ मध्ये वाढवलेला हा अधिकार अजून पुस्तकात आहे. तो इंटरनेटला किती लागू पडतो यावर वकिलांचं एकमत नाही. ऑगस्ट २०११ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या बार्ट रेल्वेनं निदर्शनं होऊ नयेत म्हणून आपल्या भुयारी स्थानकांतली मोबाइल सेवा सुमारे तीन तास बंद केली. राष्ट्राध्यक्ष लागला नाही, स्थानकातली यंत्रं रेल्वेच्याच वीजपुरवठ्यावर होती. आणि २००६ पासून होमलँड सिक्युरिटी खात्याकडे आणीबाणीत मोबाइल जाळी बंद करण्याची एक लेखी कार्यपद्धती आहे, क्रमांक ३०३. ती बघायला मिळावी म्हणून नागरी हक्कांसाठी काम करणारी एक संस्था न्यायालयात गेली. २०१५ मध्ये अपील न्यायालयानं ती गुप्त ठेवायला मुभा दिली. भारतात २०१७ पासून बंदीचे नियम राजपत्रात छापलेले आहेत, कोणी सही करायची तेही लिहिलेलं आहे. ते वारंवार वापरले जातात, इथली पद्धत कपाटात आहे. यातलं कोणतं बरं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

या गोष्टीत आपल्या घरचं एक पात्र पुन्हा येतं. विदेश संचार निगम २००२ मध्ये टाटांकडे गेला. त्यानं अमेरिकेतल्या टायकोचं समुद्राखालच्या केबलींचं जाळं विकत घेतलं, मग कॅनडाची टेलिग्लोब. २००८ मध्ये नाव बदलून टाटा कम्युनिकेशन्स झालं. जगात कोणालाही ट्रान्झिटचे पैसे न देता सगळीकडे पोचणारी जेमतेम डझनभर जाळी आहेत, त्यांत हे एक. एकेकाळी वेशीवर बसणारा आता जगाच्या पैऱ्यात बरोबरीनं उभा आहे. मात्र टायकोच्या केबली घेताना अमेरिकेच्या संरक्षण, न्याय आणि होमलँड सिक्युरिटी खात्यांशी सुरक्षा करार करावा लागला. परदेशी मालक आला की असे करार होतातच. २००३ मध्ये ग्लोबल क्रॉसिंग ही केबल कंपनी सिंगापूरच्या मालकाकडे जाताना झालेल्या करारात अट होती की जाळ्याचं नियंत्रण केंद्र अमेरिकेच्या भूमीवर हवं आणि अर्ध्या तासाच्या सूचनेवर सरकारी माणसांना आत येता यायला हवं.

मागून घेतलेल्या त्या दारांचं पुढे काय झालं ते २०२४ च्या शरद ऋतूत बाहेर आलं. चीन सरकारशी संबंधित हल्लेखोर, ज्यांना सॉल्ट टायफून हे नाव मिळालं, अमेरिकेतल्या बड्या टेलिफोन कंपन्यांच्या जाळ्यांत शिरले होते. न्यायालयाच्या हुकमांनुसार ज्या माहितीवर पोलिसांची नजर होती, त्यातली काही माहिती त्यांनी उचलल्याचं एफबीआय आणि सायबरसुरक्षेची सरकारी संस्था सीसा यांनी नोव्हेंबरात जाहीर केलं. कॅलियाला तेव्हा नुकतीच तीस वर्षं झाली होती. डिसेंबरात सीसाच्या अधिकाऱ्यांनी लोकांना सांगितलं की संदेश पाठवायचे तर टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद असलेल्या ॲपवरून पाठवा. त्याच कुलुपांमुळे आपल्याला काही ऐकू येत नाही अशी तक्रार एफबीआय कितीतरी वर्षं करत आली होती.